नकलेचें यंत्र आणि मेघांतील टपाल

कचेरीच्या एका कोपऱ्यांत भिंतीला टेकून उभें असलेलें नक्कल काढण्याचें यंत्र लोकांच्या इतकें परिचयाचें झालें आहे, कीं त्याच्याकडे कोणी मुद्दाम पाहत नाहीं. कागद अडकला, भुकटी संपली, अथवा एखादा तांबडा दिवा लुकलुकूं लागला, म्हणजेच तें दृष्टीस पडतें. परंतु गेल्या पंधरा वर्षांत या यंत्रावर एक निराळाच प्रसंग ओढवला आहे. यंत्राचे रूळ शाबूत असतात, दिवा उजळतो, कांचेवर कागद ठेवला तर नक्कल स्वच्छ निघते. आणि तरीही कचेरींतील मंडळी म्हणतात, ‘हें यंत्र आतां चालत नाहीं.’ याचा अर्थ इतकाच असतो, कीं कारकुनाच्या फोनवरून अथवा संगणकावरून निघालेला व दूरच्या एखाद्या ‘क्लाउड’ सेवेमार्फत आलेला मजकूर तें छापून देत नाहीं. न झिजलेलें, न मोडलेलें यंत्र निरुपयोगी कसें ठरतें, हें कोडें उलगडण्यासाठीं त्या यंत्राचा जन्मापासूनचा इतिहास पाहिला पाहिजे.

ही कथा न्यूयॉर्क शहरांत सुरू होते. चेस्टर कार्लसन नांवाचे गृहस्थ तेथील विद्युत्-सामानाच्या एका कंपनींत पेटंटविषयक विभागांत काम करीत असत. पेटंटच्या कागदपत्रांच्या अनेक प्रती लागत. त्या पुन्हां टंकलिखित करणें, नाहींतर बाहेरून त्यांचीं छायाचित्रें काढवून आणणें, एवढेच उपाय त्या वेळीं होते. कार्लसन यांची दृष्टि अधू होती व सांधेदुखीनेंही त्यांना ग्रासलें होतें. त्यामुळें नकलांचें काम त्यांना विशेष जाचक होई. ओलीं रसायनें न वापरतां, केवळ प्रकाश व विद्युत् यांच्या साहाय्यानें प्रत काढतां येईल काय, या प्रश्नाचा त्यांनीं ध्यास घेतला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं अॅस्टोरिया या भागांतील एका लहानशा प्रयोगशाळेंत त्यांनीं व त्यांचे साहाय्यक ऑटो कॉर्नाई यांनीं गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा घेतला. तो रुमालानें घासून त्यावर विद्युत्-भार निर्माण केला. अक्षरें लिहिलेली कांच त्यावर ठेवून प्रखर दिव्याचा उजेड पाडला. आणि मग वनस्पतीची एक बारीक भुकटी वर भुरभुरविली. जेथें उजेड पडला तेथील भार निघून गेला, आणि जेथें अक्षरांची छाया होती तेथेंच भुकटी चिकटून राहिली. ती मेणकागदावर उतरवून घेतली, तेव्हां त्या दिवसाची तारीख व अॅस्टोरिया हें स्थलनाम त्यावर स्पष्ट वाचतां येत होतें.

कार्लसन यांना १९४२ सालीं पेटंट मिळालें, परंतु गिऱ्हाईक मिळालें नाहीं. अनेक मोठ्या कंपन्यांनीं या कल्पनेस नकार दिला. अखेर १९४४ सालीं ओहायो प्रांतांतील बॅटेल या संशोधनसंस्थेनें तिचा अंगीकार केला, आणि पुढें रॉचेस्टर येथील हॅलॉइड या छायाचित्राचा कागद बनविणाऱ्या कंपनीनें ती उचलली. ‘कोरडें’ व ‘लेखन’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून या पद्धतीस झेरोग्राफी असें नांव मिळालें. १९५९ सालीं या कंपनीनें ‘९१४’ हें यंत्र लोकांसमोर मांडलें. नऊ इंच रुंद व चौदा इंच लांब कागदाची नक्कल तें काढीत असे, म्हणून हा आंकडा. त्याचें वजन सुमारें तीनशें किलोग्रॅम होतें. परंतु साध्या कागदावर, एक कळ दाबतांच, नक्कल हातांत येत असे. कंपनीनें तें भाड्यानें देण्याची युक्ति योजिली आणि तिची भरभराट झाली. १९६१ सालीं तिनें झेरॉक्स हें नांव धारण केलें. त्या नांवाची गंमत मराठी मनुष्यास सांगावयास नको. नक्कल कोणत्याहि कंपनीच्या यंत्रावर निघालेली असो, आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर ‘झेरॉक्स’ हाच शब्द असतो, आणि शाळकरी मुलगाहि ‘झेरॉक्स काढून आणतो’ असेंच म्हणतो.

या पहिल्या पिढीच्या यंत्राचा एक विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. त्याला केवळ डोळा होता. समोर ठेवलेला कागद इंग्रजी आहे कीं मोडी, पत्र आहे कीं नकाशा, याच्याशीं त्याला कर्तव्य नव्हतें. प्रकाश जसा परावर्तित होई तशी प्रत उमटे. त्याला कोणतीहि भाषा येत नव्हती, आणि भाषेची गरजहि नव्हती. म्हणून तें कोणाच्याहि कचेरींत नेऊन ठेवलें, तरी विजेपलीकडे दुसऱ्या कोणावर अवलंबून राहत नसे.

हें स्वातंत्र्य पुढें संपुष्टांत आलें, आणि तें एका मोठ्या शोधामुळेंच आलें. झेरॉक्स कंपनींतील गॅरी स्टार्कवेदर या तरुण अभियंत्याच्या मनांत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस असा विचार आला, कीं कागदावरून परावर्तित झालेल्या उजेडाऐवजीं संगणकाच्या हुकुमाप्रमाणें उघडझाप करणारा लेसर किरणच यंत्राच्या नळकांड्यावर फिरविला, तर मूळ कागदावांचून छापील पान मिळेल. वरिष्ठांना ही कल्पना फारशी रुचली नाहीं. १९७१ सालीं ते कॅलिफोर्नियांत नव्यानेंच निघालेल्या, ‘पार्क’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेंत गेले, आणि तेथें त्यांनीं कंपनीच्याच ‘७०००’ या नकलेच्या यंत्रास लेसरची जोड देऊन आपली कल्पना सिद्ध केली. १९७७ सालीं त्यांतून ‘९७००’ हें यंत्र बाजारांत आलें. तें मिनिटास १२० पानें छापीत असे. म्हणजे लेसर प्रिंटर हा नकलेच्या यंत्राचाच धाकटा भाऊ होय. थोरल्याला डोळा होता. धाकट्याला त्याऐवजीं कान मिळाले. परंतु ज्याला कान आहेत त्याला भाषा समजावी लागते, आणि येथूनच कचेऱ्यांच्या आजच्या अडचणींचा आरंभ होतो.

पानावर अमुक ठिकाणीं अमुक आकाराचें अक्षर काढ, तेथून येथपर्यंत रेघ ओढ, अशा आज्ञांची भाषा प्रत्येक कारखानदारानें आपआपल्या सोयीनें रचिली. पार्क येथूनच बाहेर पडलेल्या जॉन वॉर्नोक व चार्ल्स गेश्की यांनीं १९८२ सालीं अॅडोबी कंपनी काढली व १९८४ सालीं पोस्टस्क्रिप्ट नांवाची भाषा प्रसिद्ध केली. पुढील वर्षीं अॅपल कंपनीच्या लेसररायटर या यंत्रांत ती आली. ह्यूलेट-पॅकर्डच्या १९८४ च्या लेसरजेट यंत्राची बोली पीसीएल ही अगदीं निराळी होती. इतर घराण्यांच्या बोली आणखी निराळ्या होत्या. संगणकावर लिहिलेला मजकूर त्या त्या यंत्रास समजावा म्हणून मध्यें एक दुभाषी ठेवावा लागला. संगणकाच्या परिभाषेंत या दुभाष्यास ‘ड्रायव्हर’ असें म्हणतात. प्रत्येक यंत्राचा दुभाषी वेगळा, आणि संगणकाची अंतर्गत प्रणाली बदलली कीं तो पुन्हां नवा आणावा लागे. कारखानदारानें जुन्या यंत्रासाठीं नवा दुभाषी देण्याचें थांबविलें, कीं यंत्र धडधाकट असूनहि मुकें होत असे.

देवनागरी लिहिणाऱ्यांना हा अनुभव अधिकच तीव्रतेनें आला. संगणकानें अक्षरांचे केवळ संकेतांक पाठविले आणि ते वळण यंत्राच्या संग्रहीं नसलें, तर मराठी पत्राच्या जागीं भलत्याच खुणांची रांगोळी उमटे. संपूर्ण पान चित्र म्हणून पाठविलें, अथवा अक्षरांचें वळण मजकुराबरोबरच बांधून दिलें, म्हणजे ही आपत्ति टळत असे. पीडीएफ हा प्रकार लोकप्रिय होण्यास ही सोय बऱ्याच अंशीं कारण झाली.

भाषेचा प्रश्न असा होता. दुसरा प्रश्न निरोप्याचा. एकाच संगणकास तारेनें जोडलेलें यंत्र त्याचेंच ऐकणार. साऱ्या कचेरीस तें वापरतां यावें म्हणून निरोप पोंचविण्याची ठराविक रीत हवी. बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स प्रणालींत अशी एक रीत रूढ झाली होती. ती १९९० सालीं एका जाहीर टिपणाच्या रूपानें लिहून काढण्यांत आली. या रीतीनें काम पाठवितां येई व रांगेंत किती कामें आहेत हें कळे. पण ‘तुला दोन्ही बाजूंनीं छापतां येतें काय? तुझ्याजवळ कोणत्या आकाराचा कागद आहे?’ असें यंत्रास विचारण्याची सोय तींत नव्हती. ही उणीव जाणून निरनिराळ्या कारखान्यांचे तज्ज्ञ एकत्र बसले, आणि १९९९ सालीं इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, थोडक्यांत आयपीपी, या नांवाची समाईक पद्धत प्रसिद्ध झाली. ती कोणा एका कंपनीची मालमत्ता नव्हती. कोणीहि ती वाचावी, आपल्या यंत्रांत घालावी आणि कोणाचीहि परवानगी न मागतां वापरावी, अशी तिची अट होती. त्या वेळीं या गोष्टीचें महत्त्व फारच थोड्यांना उमगलें असेल.

त्याच दशकांत कचेरींतील थोरला व धाकटा भाऊ पुन्हां एक झाले. नकलेच्या यंत्रानें कागदावरील प्रकाश नळकांड्यावर थेट पाडण्याचें सोडून दिलें. तें आधीं कागदाचें चित्र अंकांच्या रूपानें आपल्या स्मृतींत सांठवी आणि मग लेसरनें छापी. एकदां चित्र स्मृतींत आलें, म्हणजे तें छापतां येतें, ई-पत्रानें पाठवितां येतें, अथवा एखाद्या खणांत ठेवतां येतें. अशा रीतीनें नक्कल, छपाई, स्कॅन व फॅक्स हीं चारहि कामें एका पेटींत आलीं. पेटीच्या आंत आतां एक संपूर्ण संगणक होता, आणि पुष्कळशा यंत्रांत मजकूर सांठविणारी एक चकतीहि होती. तिचा अर्थ लोकांना उशिरां कळला. २०१० सालीं अमेरिकेंतील एका वृत्तवाहिनीनें भंगारभावांत विकलेलीं कांहीं जुनीं यंत्रें विकत घेऊन त्यांच्या चकत्या तपासल्या, तेव्हां पोलिसांचे कागद व रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी त्यांतून बाहेर निघाल्या. कोपऱ्यांतील मुकाट उभ्या यंत्रास स्मरणशक्ति आली होती, आणि त्याच्या मालकांना त्याची वार्ताहि नव्हती.

त्याच २०१० सालच्या एप्रिल महिन्यांत गूगल कंपनीनें ‘क्लाउड प्रिंट’ या सेवेची घोषणा केली. क्लाउड म्हणजे ढग. परंतु या ढगांत आकाशस्थ असें कांहीं नाहीं. दूरच्या एखाद्या इमारतींत रांगेनें मांडलेले दुसऱ्याचे संगणक इंटरनेटवरून भाड्यानें अथवा फुकट वापरणें, यालाच हें काव्यमय नांव मिळालें आहे. गूगलची निकड खरी होती. ती कंपनी त्या वेळीं असा एक हलका संगणक तयार करीत होती, कीं ज्यांत जवळजवळ सर्व व्यवहार इंटरनेटमधून व्हावा. त्यांत शेंकडों यंत्रांचे दुभाषे भरणें शक्य नव्हतें. फोनचीहि तीच अवस्था होती. तेव्हां दुभाष्यांस प्रत्येकाच्या घरीं न ठेवतां दूरच्या एका कचेरींत एकत्र बसवावें, मजकूर तिकडे पाठवावा, आणि तेथून तो यंत्राकडे रवाना करावा, अशी ही योजना होती.

ही योजना चालते कशी, हें टपालाच्या उदाहरणानें सहज कळतें. कचेरीच्या जाळ्याभोंवतीं बाहेरच्या आगंतुकास अडविणारी एक भिंत असते. बाहेरचा कोणीहि आंत शिरून यंत्रास हुकूम देऊं शकत नाहीं, आणि तसें असणेंच इष्ट होय. मग बाहेरचा मजकूर आंत यावा कसा? ज्या गांवीं टपालवाला दारापर्यंत येत नाहीं, तेथें कचेरीचा शिपाईच टपालघरीं जाऊन ‘आमच्या नांवाचें कांहीं आहे काय?’ असें विचारतो. येथेंहि तेंच घडतें. यंत्र आपण होऊन बाहेर संबंध जोडून ठेवतें आणि आपल्या नांवाचें काम आलें, कीं तें आंत ओढून घेतें. नव्या यंत्रांना हें शिपायाचें काम स्वतः करतां येई. परंतु कचेऱ्यांतील बहुसंख्य यंत्रें जुनीं होतीं. त्यांच्यासाठीं कचेरींतल्या एका संगणकावर गूगलचा क्रोम हा ब्राउझर चालू ठेवून त्यालाच शिपाई नेमावा लागे. तो मेघांतून काम उचली आणि आपल्याजवळच्या जुन्या दुभाष्याकरवीं यंत्रास सांगे. सायंकाळीं कोणी संवयीनें तो संगणक बंद करून घरीं गेला, कीं सर्वांचें टपाल तुंबून राही.

या व्यवस्थेकडे पाहून ‘काखेंत कळसा नि गांवाला वळसा’ ही म्हण आठवल्यावांचून राहत नाहीं. दहा पावलांवर उभ्या असलेल्या यंत्रावर एक पान छापण्यासाठीं तें पान कदाचित् समुद्रापलीकडे जाऊन परत येई. परंतु केवळ हंसून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नव्हती. फोनवरून, घरून, प्रवासांतून, कोणताहि दुभाषी न बसवितां छापतां येऊं लागलें, ही सोय खरी होती. ज्या शाळांनीं व लहान कचेऱ्यांनीं स्वस्त क्रोमबुक घेतलीं, त्यांना तर छपाईचा हाच सोपा मार्ग होता. सेवेला दाम पडत नव्हता. दाम पडत नाहीं तेथें करारहि नसतो, ही गोष्ट मात्र बहुतेकांच्या ध्यानांत आली नाहीं. कंपनीनें ही सेवा अखेरपर्यंत ‘बीटा’, म्हणजे प्रायोगिक, याच नांवाखालीं चालविली.

नोव्हेंबर २०१९ मध्यें कंपनीनें जाहीर केलें, कीं ३१ डिसेंबर २०२० नंतर ही सेवा बंद होईल. आपल्या संगणकप्रणालींतच छपाईची सोय आतां पुरेशी सुधारली आहे, असें कारण तिनें दिलें. पूर्वसूचना एक वर्षाहून अधिक काळाची होती, आणि त्या दृष्टीनें कंपनीस दोष देतां येत नाहीं. परंतु तें वर्ष महामारीचें निघालें. कचेऱ्या ओस पडल्या होत्या, लोक घरून काम करीत होते, आणि दुरून छापण्याची गरज पूर्वीं कधीं नव्हती इतकी वाढली होती. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशीं हा निरोप्या कायमचा निघून गेला. दुसऱ्या दिवशीं यंत्रें होतीं तेथेंच उभीं होतीं. ज्या यंत्रांस तो एकच मार्ग ठाऊक होता, त्यांच्याकडे दुरून निरोप नेणारा मात्र कोणी उरला नव्हता. दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणाऱ्याला ओंजळ उघडली जाईपर्यंत आपली तहान किती आहे हें कळत नाहीं.

पोकळी फार काळ राहिली नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें मार्च २०२० मध्यें ‘युनिव्हर्सल प्रिंट’ या सेवेची घोषणा केली आणि मार्च २०२१ पासून ती सर्व संस्थांस खुली केली. हींत यंत्राची नोंद संस्थेच्या नांवनिशीच्या वहींत होते, आणि कर्मचाऱ्यानें ज्या खात्यानें आपलें ई-पत्र उघडावयाचें त्याच खात्यानें छपाईहि करावयाची. नवीं यंत्रें या सेवेशीं थेट बोलतात. जुन्यांसाठीं पुन्हां तोच उपाय योजावा लागतो. कचेरींत एक विंडोज संगणक अखंड चालू ठेवून त्यावर ‘कनेक्टर’ नांवाचा सांधा बसवावा लागतो. ही सेवा संस्थेच्या वर्गणींत मोडते, आणि छपाईच्या कामांच्या संख्येस मर्यादा असते. फुकटच्या ओंजळीपेक्षां हा व्यवहार अधिक स्वच्छ म्हणावा लागेल. कारण जेथें दाम दिला जातो, तेथें हक्कानें जाब विचारतां येतो.

जुन्या यंत्रास अशा सेवेशीं जोडतांना ज्या अडचणी येतात, त्यांचें स्वरूप कचेरींतील प्रत्येकानें जाणून घेण्याजोगें आहे. पहिली अडचण बारकाव्यांची. मेघांतून आलेला निरोप सामान्य भाषेंत असतो. त्यांत ‘दोन्ही बाजूंनीं छाप’ हें सहज सांगतां येतें, परंतु ‘तिसऱ्या खणांतील जाड कागद घे, डाव्या कोपऱ्यांत टांचणी मार, आणि खर्च हिशेब-विभागाच्या संकेतांकावर टाक’ हे त्या यंत्राच्या घराण्याचे खास शब्द अनेकदां वाटेंतच गळून पडतात. संकेतांकावांचून आलेलें काम न छापण्याची आज्ञा यंत्रास दिलेली असेल, तर तें निमूटपणें काम टाकून देतें, आणि कारकुनास वाटतें कीं यंत्रच बिघडलें.

दुसरी अडचण गुप्त लिपीची. इंटरनेटवरील संभाषण कोणी चोरून ऐकूं नये म्हणून तें गुप्त लिपींत चालतें, आणि काळाबरोबर ती लिपी अधिक बळकट करावी लागते. तिच्या जुन्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्यें औपचारिक रीत्या त्याज्य ठरविण्यांत आल्या. ज्या यंत्राच्या आंतील संगणकास केवळ जुनीच लिपी येते, त्याला आधुनिक टपालघर दारांतच उभें करीत नाहीं. स्कॅन केलेला कागद ई-पत्रानें पाठविणारें यंत्र एके दिवशीं अचानक ‘जोडणी झाली नाहीं’ असें सांगूं लागतें, त्याच्या मुळाशीं पुष्कळदां हेंच कारण असतें. कारखानदारानें नवी आज्ञावली दिली तर यंत्र वांचतें. त्यानें त्या नमुन्याकडे पाठ फिरविली असली, तर दुरुस्ती करणाऱ्याच्या पेंचकसानें कांहीं होण्यासारखें नसतें.

तिसरी अडचण गुप्ततेची. कोणाचा पगार, कोणाचा आजार, कोणावरील ठपका असे कागद कोपऱ्यांतील यंत्रावर पडून राहिले, तर येणाराजाणारा ते वाचतो. यावर उपाय निघाला आहे: काम मेघांत थांबून राहतें, आणि ज्याचें असेल त्यानें यंत्रापाशीं जाऊन आपलें कार्ड टेकविल्यावर अथवा अंक दाबल्यावरच तें छापलें जातें. हा उपाय चांगला आहे. परंतु तोहि यंत्रानें नवी संभाषणरीत शिकली असेल तरच चालतो.

हें सर्व ऐकून कोणी म्हणेल, कीं जुनी घरगुती व्यवस्थाच बरी होती. मेघांच्या नादीं लागावयासच नको होतें. इतिहास या मताला पूर्ण दुजोरा देत नाहीं. २०२१ सालच्या उन्हाळ्यांत विंडोज प्रणालीच्या छपाई-व्यवस्थेंतच एक गंभीर दोष उघडकीस आला, आणि ‘प्रिंटनाइटमेअर’ या नांवानें तो कुप्रसिद्ध झाला. छपाईची रांग संभाळणाऱ्या कारभाऱ्याला संगणकावर सर्वोच्च अधिकार दिलेले होते, आणि नवा दुभाषी आणून बसविण्याच्या मिषानें चोराला तेच अधिकार हस्तगत करतां येत होते. नाना कारखान्यांचे नाना दुभाषे घरांत ठेवणें म्हणजे घराच्या किल्ल्या पुष्कळांच्या हातीं देणें होय, हें या प्रकरणानें दाखवून दिलें. २०२३ सालीं मायक्रोसॉफ्टनें कारखानदारांचे स्वतंत्र दुभाषे विंडोजमधून क्रमाक्रमानें कमी करण्याचें धोरण जाहीर केलें, आणि त्यांच्या जागीं कोणती रीत सुचविली? तीच, १९९९ सालीं प्रसिद्ध झालेली आयपीपी.

या साऱ्या इतिहासाचा गाभा येथेंच आहे. अॅपल कंपनीनें नोव्हेंबर २०१० मध्यें आपल्या फोनसाठीं एअरप्रिंट ही सोय काढली, तिच्या मुळाशीं आयपीपी होती. कॅनन, ह्यूलेट-पॅकर्ड, सॅमसंग व झेरॉक्स या एकमेकांच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं २०१३ सालीं मोप्रिया नांवाचा संघ स्थापन केला, त्यांच्याहि कराराचा आधार तीच. क्लाउड प्रिंट बंद करतांना गूगलनें आपल्या क्रोमबुकांत जी सोय दिली, तिचाहि पाया तोच. आणि मायक्रोसॉफ्टची मेघसेवा नव्या यंत्रांशीं बोलते तीहि याच भाषेच्या आधारें. ज्यांनीं गाजावाजा करून सेवा काढल्या, त्यांतील कांहीं अस्तास गेल्या. परंतु निरनिराळ्या कारखान्यांतील तज्ज्ञांनीं एकत्र बसून, कोणाच्याहि मालकीची नव्हे अशी जी भाषा लिहून ठेवली, ती प्रत्येक नव्या सेवेखालीं पायाच्या दगडासारखी आढळते. २०२० च्या अखेरीस ज्या यंत्रांना ती भाषा येत होती, त्यांना दुसरा निरोप्या मिळाला. ज्यांना केवळ आपल्या घराण्याची बोली येत होती, त्यांच्यापुढें मधला सांधा बसवून घेणें अथवा भंगारांत जाणें, एवढेच पर्याय उरले.

हा धडा मोठ्या कचेऱ्यांपेक्षां लहानांच्या अधिक कामाचा आहे. मोठ्या संस्थेजवळ जाणते नोकर असतात. जुनें यंत्र टाकून नवें घेण्याइतका पैसाहि असतो. गांवची पतपेढी, चार शिक्षकांची शाळा, वकिलाची दोन खोल्यांची कचेरी यांना एक यंत्र दहा दहा वर्षें पुरवून वापरावें लागतें. अशांनीं यंत्र घेतांना मिनिटास किती पानें निघतात एवढेंच विचारून थांबूं नये. यंत्रास समाईक भाषा येते काय. त्याच्या आंतील आज्ञावली किती वर्षेंपर्यंत नवी करून मिळेल. मधली सेवा बंद पडली तर कचेरीच्या जाळ्यांतून थेट छापतां येईल काय. आणि यंत्र परत देतांना त्याच्या चकतीवरील मजकूर पुसून मिळेल काय, हे चार प्रश्न विकणाऱ्यास विचारावे, आणि त्यांचीं उत्तरें करारांत लिहून घ्यावीं. मेघसेवा जरूर घ्यावी. परंतु ती नसतांना काम कसें चालेल याची एकदां प्रत्यक्ष परीक्षा पाहून ठेवावी.

कार्लसन यांना आपल्या हयातींतच कीर्ति व संपत्ति दोन्ही मिळालीं, आणि संपत्तीचा मोठा भाग त्यांनीं दानधर्मांत खर्च केला. १९६८ सालीं त्यांचें निधन झालें, तेव्हां त्यांच्या यंत्रास फक्त डोळाच होता. पुढील अर्ध्या शतकांत त्याला कान आले, स्मृति आली, दूरदूरच्या निरोप्यांशीं बोलतां येऊं लागलें, आणि त्या प्रत्येक देणगीबरोबर त्याचें परावलंबनहि वाढत गेलें. आज एखाद्या कचेरींत मेघांतील टपाल तुंबलें, कारकून हताश झाला, तर अखेर तो दुसऱ्या कोठून तरी छापून आणलेला एक कागद घेतो, यंत्राचें झांकण उघडतो आणि तो कांचेवर पालथा ठेवतो. दिवा एका टोंकाहून दुसऱ्या टोंकापर्यंत सरकत जातो, आणि नक्कल बाहेर येते.